बाबांचे पथ्य

१७ एप्रिल

संध्याकाळी बाबा कापसाच्या जिनिंगमधून घरी आले आणि दारापासून मोरीपर्यंत फरशीवर त्यांच्या उजव्या पावलाचे लाल ठसे उमटत गेले. मी काय बोललो आठवत नाही, पण आवाज वेगळा निघाला असावा. बाबा थांबले, मागे वळून बघितले आणि म्हणाले, "हे कोनाचं रगत होय रे?"

कापसाच्या गाठीला बांधतात ती लोखंडी पट्टी चपलेतून आत जाऊन अंगठ्याखाली घुसली होती. दिवसभर त्याच पायावर हमाली केली. दुखलेच नाही म्हणाले. मला याचेच भय वाटले. चांगल्या पायाला काटा रुतला तरी माणूस उडी मारतो.

सरकारी दवाखान्यात पट्टी ओढून काढली. मग बोटातून रक्त घेऊन यंत्रावर तपासले. तीनशे अठरा.

डॉक्टर म्हणाले, "शुगर किती वर्षांपासून आहे?"

"मले नाई शुगर," बाबा म्हणाले. "मले कायले व्हईन? मी तं गोड खातच नाई."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की जखम भरायची तर साखर खाली आली पाहिजे. नाही आली तर आधी बोट जाईल, मग पाय. गोळ्या वेळेवर, गोड बंद, भात-बटाटा कमी, बाकी पथ्य सांभाळा. मागे मोठी रांग होती. मी चारही गोष्टी दोनदा म्हणून घेतल्या आणि घरी येईपर्यंत पाठ केल्या.

ही वही आजपासून. माझे शिक्षण बारावीत सुटले, पण लिहून काढले की माझे मन जागेवर राहते. बाबांना वाचता येत नाही, त्यामुळे खरे लिहायला हरकत नाही.

१८ एप्रिल

साखरेचा डबा आणि गुळाची ढेप शेजारच्या धुरपता मावशींना देऊन टाकली. टूथपेस्ट चाखून पाहिली, गोड लागली, म्हणून तीही दिली. बाबांना कडुनिंबाची काडी आणून ठेवली. खोकल्याचे औषध फेकले. बाबा खाटेवर पाय वर करून बघत होते. म्हणाले, "माह्या आंगातलं गोड रगत कोनाले देतं?"

पथ्याचा विचार रात्रीपासून करत होतो. आईचे पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा मी नववीत होतो. तेव्हाचे पथ्य मला तोंडपाठ आहे, कारण तेव्हाही चूल मीच सांभाळली. जखम असेल तर अंडे नाही, मटण नाही, पू होतो. तुरीची डाळ नाही, जखम फुगते. वांगे नाही. शेंगदाणे नाहीत. ज्वारीची भाकर जड. द्यायची ती तांदळाच्या कणीची पेज, वरून चिमूटभर मीठ. मधल्या वेळी मुरमुरे. आईचे टाके पंधरवड्यात कोरडे झाले होते. ती पुढे दुसऱ्याच आजाराने गेली, त्यात पथ्याचा दोष नव्हता.

डॉक्टर भात कमी करा म्हणाले. पेजेत भात तो कितीसा. मूठभर कणी, बाकी पाणी.

२३ एप्रिल

धुरपता मावशी झाकलेली वाटी घेऊन आल्या. अंड्याचा रस्सा होता, दोन अंडी, वर तेलाचा तवंग. वासाने बाबा उठून बसले.

मी म्हणालो, "मावशी, जखमेले अंडं चालत नाही."

"कोन म्हनते?"

"पथ्य हाय."

"बाप्पा, पथ्य हाय का सजा हाय? पाह्य त्याचं तोंड. पोतं उचलनारा मानूस, अन् तू त्याले बाळंतिनीवानी पेज पाजून राह्यला."

"पाय गेला तं तुम्ही देनार हाय का आनून?"

असे बोलायला नको होते. मावशींनी वाटी परत झाकली. आई गेल्यावर आमच्या घरी चटणी, लोणचे, सांडगे सगळे त्यांच्याकडूनच आलेले आहे. जाताना बाबांना म्हणाल्या, "डोमाजी भाऊ, तुमचा पोट्टा लय शिकला."

 बाबा पेज प्यायले. वाडगा खाली ठेवताना म्हणाले, "मीठ बराबर हाय."

१ मे

पायलताईने सासरहून, केळापूरहून, साखर तपासायचे यंत्र पाठवले. भाऊजींच्या ओळखीच्या मेडिकलमधून घेतले. आता मी स्वतः बघू शकतो.

सकाळी उपाशीपोटी दोनशे दहा. मला आनंद झाला, कारण दवाखान्यातल्यापेक्षा खूप कमी. मग पेज दिली, आणि यंत्रासोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे दोन तासांनी पुन्हा तपासले. तीनशे सत्तेचाळीस.

बोटाला काही गोड लागले असेल म्हणून साबणाने हात धुवून पुन्हा टोचले. तीनशे बावन्न.

घरात गोड नाही. पेजेत फक्त मीठ आहे. ही साखर येते कुठून?

३ मे

सकाळच्या चहात बिनसाखरेचे का होईना दूध असते. दूध मुळात गोडसर असते. आजपासून दूध बंद. त्याऐवजी सकाळी आणखी एक वाडगा पेज.

७ मे

आकडा चढतोच आहे. आज एक प्रयोग केला. मी बाबांसोबत बसून तीच पेज, तेवढीच प्यायलो आणि प्यायच्या आधी व नंतर स्वतःचे बोट टोचले. मला शुगर नाही. आधी ब्याण्णव होते, तासाभराने एकशे छपन्न झाले. पेज पिऊन साध्या माणसाची साखर अशी चढेल का? म्हणजे यंत्रच खोटे आहे.

दुपारी मी काम करतो त्या फ्लेक्सच्या दुकानातून सुट्टी घेऊन इथल्याच मेडिकलमध्ये गेलो. मेडिकलवाल्याने दुसरे यंत्र लावून दाखवले. तेही तेच म्हणते. तो म्हणाला, "यंत्र खोटं नाही बोलत भाऊ. माणूस बोलतो. म्हातारे लपून खातात, सगळ्या घरात तेच आहे."

हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते.

१२ मे

वैशाख पौर्णिमा. विहारात वंदना झाली, मग खीरदान. बाबांना मी धरून नेले होते, ते पांढरा सदरा घालून भिंतीला टेकून बसले होते. वाढणाऱ्या मुलीने त्यांच्या पुढ्यात द्रोण ठेवला. मी तो उचलला.

"एक बोट चाटू दे," बाबा म्हणाले. "सनाचं हाय."

"नाही."

सगळे बघत होते. बाबा हसून सगळ्यांना म्हणाले, "माह्या घरचा डॉक्टर होय. एमबीबीएसवाल्याले नाई भेत मी, पन याले भेतो."

लोक हसले. मी द्रोण घेऊन उभा होतो, तो कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी धुरपता मावशींनी हातातून घेतला.

घरी येऊन पेज दिली. दोन तासांनी तीनशे ऐंशी. मी बाबांच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. फक्त कडुनिंबाचा वास आला. बाबा डोळे मिटून पडून होते. वास घेताना त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मला माझी लाज वाटली. तरी त्यांच्या उशीखाली आणि सदऱ्याच्या खिशात पाहिलेच.

२१ मे

अंगठा काळा पडत आहे. पट्टी सोडली की वास येतो. रोज ड्रेसिंगला नेतो. तिथली सिस्टर विचारते, "शुगर कंट्रोल नाही का करत?" मी म्हणतो, करतो. ती मान हलवते. या मान हलवण्याचा मला जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही.

बाबांना सारखी तहान लागते. सारखी लघवी. हाताचे दंड सैल झाले, पोती उचलून घट्ट झालेले दंड. दुपारी म्हणाले, "संघर्षा, पोटाले आधार नाई रे. एक भाकर दे. कोरडीच दे, ठेचा बी नको."

मला रडू येत होते. पण आता ढिलाई केली तर इतक्या दिवसांचे सगळे वाया. म्हटले, "पाय बरा झाला की रोज देतो."

"बरं."

भूक लागते म्हणून पेजेचे वाडगे वाढवले. मधे साबुदाणा शिजवून देतो, बिनसाखरेचा. टोस्ट पाण्यात बुडवून देतो. सगळे हलके आहे. यापेक्षा हलके मी काय देऊ? हवा?

२ जून

ताप. बाबा मला ओळखून, पुन्हा विसरून, आईच्या नावाने हाक मारत होते. अॅम्ब्युलन्सने यवतमाळला आणले. मोठ्या दवाखान्यात पायाची पट्टी सोडल्याबरोबर दोन डॉक्टर आणखी आले. म्हणाले, विष वर चढत आहे. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल.

सहीच्या जागी मी नाव लिहिले. दुकानात लोकांची नावे फ्लेक्सवर टाइप करताना मी कधी काना-मात्रा चुकत नाही. आज माझ्याच नावातला रफार राहिला. पुन्हा लिहून दिले.

४ जून

काढला.

८ जून

बाबा आता बोलतात. ताईही आली आहे, पण ती पोरांना सोडून आल्यामुळे उद्या परत जाईल.

आज मी इंजेक्शने आणायला खाली मेडिकलमध्ये गेलो होतो. रांग होती. परत आलो तर वॉर्डातून आहार ठरवून देणाऱ्या मॅडम बाहेर पडत होत्या. मी विचारणार होतो, पण त्या दुसऱ्या रुग्णाकडे वळल्या. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी स्टूलावर बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड वळवले. चेहरा असा होता, जसे कोणी त्यांच्या श्रीमुखात भडकावली असावी.

"काय म्हने मॅडम?" मी विचारले.

"काय खात होते म्हने."

"मग?"

"सांगतलं."

मग म्हणाले, "संघर्षा, एक गोष्ट सांगतो, रागावू नको. मी गोड खाल्लं."

मी इंजेक्शनांची पिशवी खाली ठेवली.

"जिलबी. रोजच म्हन ना. तू दुकानात गेला की."

"तुमाले चालता येत नव्हतं."

त्यांनी छताकडे पाहिले. "धुरपता आनून देत होती."

 मग एकदम आतून सगळे मोकळे झाले, जसे गाठ सुटावी. इतके दिवस मी रोज स्वतःला विचारत होतो की माझे काय चुकते. माझे काहीच चुकत नव्हते. हे लिहिताना लाज वाटते, पण बाबांचा पाय नव्हता तिथल्या सपाट चादरीकडे बघत मला सर्वांत आधी हलके वाटले. राग नंतर आला.

"जिलबीसाठी पाय देला तुम्ही," मी म्हणालो.

"हो."

"मी रोज वेड्यावानी बोटं टोचून राह्यलो, अन् तुम्ही..."

"हो रे. चुकलं."

ताई दारात उभी होती, तिने ऐकले. ती रडली. मी रडलो नाही.

मग बाबा म्हणाले, की पाय कापल्यावर पथ्य बदलते असे मॅडम म्हणाल्या. आता पेज नाही, भात नाही, साबुदाणा, मुरमुरे काही नाही. भाकर अर्धी-एक, सोबत डाळ, भाजी, अंडे. दूध चालते. मी विचारले, असे कसे बदलते? बाबा म्हणाले, "कापल्या पायाचं अलग रायते म्हने. मले काय समजते? तिनं म्हटलं तसं सांगतो."

१३ जून

धुरपता मावशी आमच्या घाटंजीहून बसने आल्या. डब्यात भाकर आणि मेथी होती. मी त्यांना व्हरांड्यात गाठले.

"बाबाले जिलबी तुम्ही देत होते?"

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. "कोन म्हनते?"

"बाबा."

त्यांनी काचेतून आत वॉर्डाकडे पाहिले. बाबा खाटेवरून आमच्याकडेच बघत होते. मावशींनी पदर सारखा केला.

"हो," त्या म्हणाल्या. "देत होती मी."

"काहून?"

"मांगत होते."

मी त्यांना म्हणालो, आमच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.  त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि जिना उतरून गेल्या. इतक्या लांबून येऊन बाबांना भेटल्याही नाहीत.

२८ जून

घरी येऊन आठवडा झाला. सकाळी एकशे चाळीस, जेवणानंतर एकशे ऐंशीच्या आत. गोळ्या त्याच आहेत, आता सोबत दवाखान्याने दिलेले इन्सुलिन आहे. भाकर, डाळ, अंडे. जखम कोरडी आहे.

म्हणजे जिलबीच होती. जिलबी बंद झाली आणि आकडा उतरला. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

मी बाबांशी कामापुरते बोलतो. त्यांना उचलून मोरीवर नेतो, स्वच्छ करतो, पट्टी बांधतो, पण डोळ्यांत बघत नाही. काल ते म्हणाले, "धुरपता दिसत नाई."

"नाही दिसनार."

"तिच्यावर राग नको धरू. माह्यावर धर."

"धरलाच हाय."

"बरं," म्हणाले. हे त्यांचे बरं आता माझ्याने ऐकवत नाही. भांडत का नाहीत? चूक करणारा माणूस इतका शांत कसा राहतो?

९ जुलै

विहारात आरोग्य शिबिर होते. त्याचा फ्लेक्स आमच्याच दुकानात झाला. पाठवणाऱ्याने 'कर्बोदक' हा शब्द चुकीचा लिहून पाठवला होता, मीच सुधारला. शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. शुद्धलेखनाला अर्थाचे काम पडत नाही.

मालकांनी फ्लेक्स बांधायला मला पाठवले, म्हणून थांबलो. सिस्टर सत्यशीला बोलत होत्या. त्यांनी टेबलावर साखर ठेवली आणि बाजूला तांदळाची वाटी, साबुदाणा, मुरमुरे, बटाटा, टोस्ट, भाकर. म्हणाल्या, "साखर जिभेला गोड लागते म्हणून आपण तिलाच भेतो. पण हे सगळं पोटात गेलं की साखरच होतं. जिभेला कळत नाही, रक्ताला कळतं. यालाच कर्बोदक म्हणतात."

समोरची एक बाई म्हणाली, "मंग भाकर बी?"

"भाकर बी. पण भाकर सावकाश उतरते. सोबत डाळ, भाजी, अंडं असलं की आणखी सावकाश. म्हणून भाकर मोजून खायची, एकटी नाही खायची."

मी मागून हात वर केला. शाळेतल्यासारखा. विचारले, "पेज?"

"कणीची?"

"हो. मुठभर कणी. बाकी पाणी."

"कोणाला शुगर आहे?"

"कोनाले नाही. असंच."

त्या म्हणाल्या, "दाणा जितका शिजून फुटतो तितका लवकर साखर होतो. पेज तर घोटात उतरते, तिला अडवायला सोबत काहीच नसतं. अन् आपले लोक आजारी माणसाला दिवसभर तीच पाजतात, हलकी म्हणून. शुगरवाल्याला जखम असली तर कधीच नाही हो."

मग त्या बटाट्याविषयी सांगू लागल्या.

फ्लेक्सची एक दोरी सुटली होती. ती बांधून मी घरी आलो.

११ जुलै

दोन दिवस काही लिहिले नाही. जेवलो नाही. दुकानात एका तेरवीच्या फ्लेक्सवर मृताचे नावच टाकायचे राहिले. मालक म्हणाले, तुझ्या हातून असे कधी होत नाही.

संध्याकाळी धुरपता मावशींकडे गेलो. त्या ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. उठल्या नाहीत, 'ये' म्हणाल्या नाहीत. मी उभाच राहिलो.

"मावशी, जिलबी कोनत्या दुकानातून आनत होते तुम्ही?"

सूप थांबले.

"आता कायले पायजे तुले ते?"

"असंच."

"ध्यानात नाई माह्या." सूप पुन्हा हलू लागले. "बुढ्याचं मन राखलं मी. झालं ते झालं. तू आता त्यात नको खंदत बसू."

"मावशी..."

"घरी जा संघर्षा. बाप एकटा हाय."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "हे कायले? मी तं तुह्या बापाचा पाय घालवला ना? जगाले असंच ठाव हाय. तसंच राहू दे." मग खाली बघून, "त्यानं काहून सांगतलं, ते समजून घे. मंग कोनाजवळ बोलू नको. त्याच्याजवळ तं बिलकूल नाई."

१२ जुलै

आज भाकर, तुरीची डाळ आणि एक अंडे केले. बाबांना भिंतीला टेकवून बसवले, ताट मांडीवर दिले. ते खात होते. मी समोर बसलो. बऱ्याच दिवसांनी समोर बसलो.

"धुरपताकडं गेलता म्हने काल," बाबा म्हणाले.

"हो."

"काय म्हने?"

"काही नाही."

त्यांचा हात ताटावरच राहिला. घास मोडलेला, डाळीत बुडवलेला, उचललेला नाही. डोळे माझ्या तोंडावर. दवाखान्यात त्यांच्या पायातून लोखंडी पट्टी ओढून काढताना मी त्यांना पाहिले आहे, ऑपरेशनच्या खोलीत नेताना पाहिले आहे. इतके घाबरलेले कधी पाहिले नव्हते.

मला त्यांच्या मांडीवर डोके ठेवायचे होते. तिथे ताट होते.

मी म्हणालो, "म्हने, आता नाही देत जिलबी. अन् तुम्ही बी ऐका. पुन्हा चोरून खाल्ली तं याद राखा, मी घरात राहनार नाही."

बाबांनी माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहिले. मग खांदे खाली आले आणि घास तोंडात गेला.

"नाई खात लेका," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."

चावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी बघू शकलो नाही. ताट होईपर्यंत मी चुलीकडे तोंड करून बसलो, आणि अधूनमधून, त्यांना ऐकू जाईल असे, रागावत राहिलो.